उत्तर चुकलं, पण कोणत्या नियमाने?

घरीच शिकणारं मूल सहावी-सातवीच्या वयात गणितात अडकायला लागलं की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. चालू धडा पुन्हा शिकवायचा, जरा सावकाश आणि जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा शिकवूनही १/२ + १/३ चं उत्तर २/५ येतं. मग पुस्तक बदलतं, एखादं ॲप येतं, शेवटी शिकवणी लागते. यातलं काही फारसं लागू पडत नाही, कारण अडचण त्या धड्यात नसते. ती दोन-तीन इयत्ता मागे, तिसरी ते पाचवीच्या गणितात कुठेतरी राहून गेलेली असते. अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणं, शेकडेवारी एकदम समोर येतात तेव्हा ती उघडी पडते.

शिवाय मुलं सहसा अंदाधुंद चुकत नाहीत. २/५ हे उत्तरसुद्धा नियमानेच आलेलं आहे: वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. नियम चुकीचा आहे, पण मुलाने तो इमानेइतबारे पाळलाय. तो नियम ओळखता आला की काय शिकवायचं ते आपोआप ठरतं. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना प्रत्येकाचा नियम शोधायला सवड नसते. घरी मूल एकच असतं, आणि बारा वर्षांच्या मुलीने चौथीचं पुस्तक उघडलं म्हणून हसायला कुणी नसतं. घरशिक्षणाचा गणितातला सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि नेमका तोच वापरला जात नाही.

आधी बारा गणितं

एका कोऱ्या कागदावर ही गणितं लिहून द्या.

१) ४०७ × ६
२) ३००२ − १४७८
३) ६१२ ÷ ६
४) ८ + ४ = ☐ + ५
५) ०.४ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती?
६) ३/८ आणि ३/५ यांत मोठा अपूर्णांक कोणता?
७) १/२ + १/३
८) २.५ × १०
९) −३ − ५
१०) २ − (−३)
११) ५०० चे २० टक्के किती?
१२) सईकडे २४ गोट्या आहेत. त्या ओमच्या गोट्यांपेक्षा ६ ने जास्त आहेत. ओमकडे किती?

घड्याळ लावू नका. कच्चं काम त्याच कागदावर करू द्या आणि खोडरबर उचलून ठेवा. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, चुकलं तर एक रेघ मारली की पुरे. कंटाळा आला तर राहिलेली गणितं दुसऱ्या दिवशी. मधे मदत नाही, भुवई वर करणंही नाही. अडलं तर "राहू दे, पुढचं बघ" एवढंच.

कागद पूर्ण झाला की प्रत्येक गणिताला एकच प्रश्न विचारा: "हे कसं केलंस?" बरोबर आलेल्या गणितांनाही विचारा. फक्त चुकलेल्यांनाच विचारलं तर मूल दोन मिनिटांत ओळखतं की आई विचारते म्हणजे चुकलंय, आणि घाईने उत्तर बदलतं. मग मूळ विचार कळत नाही. आणि बरोबर उत्तरामागेही गडबड असू शकते. ०.४ मोठी असं सांगणाऱ्या काही मुलांचा नियम 'दशांश चिन्हापुढे कमी आकडे असतील ती संख्या मोठी' असा असतो. लगेच ०.४ आणि ०.६२ ची जोडी देऊन बघा. तिथेही ०.४ म्हणालं तर पाचवं गणित चुकलं असंच धरा.

कागद वाचायचा कसा

दुसऱ्या गणिताचं उत्तर २४७६ आलं असेल तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, मग तो वर असो की खाली. पहिल्याचं २४०२ आलं तर हातचे ४ हरवले. तिसऱ्याचं १२ आलं तर भागाकारात मधलं शून्य सुटलं, आणि त्याहून गंभीर म्हणजे ६०० ला ६ ने भागलं तरी १०० येतात, मग १२ कसे येतील, हे मुलाच्या मनातही आलं नाही. या तिन्हींचं मूळ एकच आहे, स्थानिक किंमत. ती कच्ची असेल तर बाकी सगळं थांबवा.

कागदाच्या खोट्या नोटा करा: १, १०, १०० आणि १००० च्या, प्रत्येकी वीस. ३००२ म्हणजे हजाराच्या तीन आणि एकच्या दोन नोटा. आता १४७८ द्यायचे आहेत. एकच्या आठ नोटा नाहीत, दहाची नोट नाही, शंभराचीही नाही. म्हणून हजाराची एक नोट मोडून शंभराच्या दहा, त्यातली एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून एकच्या दहा. समोर काय उरलं? दोन हजाराच्या, नऊ शंभराच्या, नऊ दहाच्या, बारा एकच्या. वहीत शून्यांच्या डोक्यावर लिहिले जाणारे ते ९ आणि ९ कुठून येतात ते मुलाला इथे दिसतं. आधी नोटा मोडत जायचं आणि प्रत्येक मोडणीला वहीत एक खूण करायची. आठवडाभरात नोटा गळून पडतात.

परदेशात वाढलेल्या किंवा इंग्रजीतून गणित करणाऱ्या मराठी मुलांसाठी इथे आणखी एक गोष्ट तपासा. तोंडी सांगून लिहायला द्या: एकोणसाठ, त्र्याहत्तर, एकोणनव्वद. एकोणसाठला ६९ आणि त्र्याहत्तरला ३७ लिहिलं तर गणित येतं पण संख्यानामं येत नाहीत, ही वेगळी आणि सोपी दुरुस्ती आहे. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण खरीच आहे. घरी दोन्ही बोला: "त्र्याहत्तर, म्हणजे सत्तर तीन."

चौथ्या गणितात १२ किंवा १७ आले तर मुलासाठी '=' म्हणजे 'आता उत्तर लिही' अशी खूण आहे. दोन्ही बाजू सारख्या असा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. बरोबर उत्तर ७. ही चूक क्षुल्लक वाटते, पण समीकरणं ज्यावर उभी राहतात तो पायाच इथे नाही. अशा मुलांच्या वहीत ५ + ३ = ८ × २ = १६ अशी साखळीही सापडते. रोज पाच मिनिटं ७ = ☐ + २, ६ + ☐ = ५ + ९, १३ = १३ (खरं की खोटं?) असली वाक्यं द्या. १३ = १३ ला "हे काय गणित आहे?" असं म्हणणारी मुलं भेटतात; त्यांना हे सगळ्यात जास्त लागतं.

आठव्याला २.५० लिहिणारं मूल 'दहाने गुणलं की शून्य जोडायचं' हा नियम पाळतंय. पूर्ण संख्यांना तो चालतो, म्हणूनच तो शिकवताना सांगू नये. प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो, असं सांगितलं तर दशांशातही तेच लागू पडतं. दशांश वाचताना "शून्य पॉइंट पस्तीस" म्हणू देऊ नका, "शून्य पॉइंट तीन पाच" म्हणा. पैशांची उदाहरणंही इथे जरा जपून. ४ रुपये ५ पैसे मुलं बेधडक ४.५ लिहितात. त्यापेक्षा आलेख कागदावर १० × १० चा चौकोन बरा. ०.४ म्हणजे चार पूर्ण उभे रकाने. ०.३५ म्हणजे तीन रकाने आणि पाच सुटी घरं. कोणतं जास्त रंगलं ते दिसतंच.

अपूर्णांक: इथे घाई करू नका

सहावी-सातवीचं निम्मं गणित अपूर्णांकावर उभं असतं. गुणोत्तर, शतमान, परिमेय संख्या, सरळव्याज, सगळीकडे तेच. म्हणून इथे दोन महिने गेले तरी ते वाया जात नाहीत.

मराठी घरात यासाठी एक तयार सोय आहे. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच, पावणेतीन, तीन. हे शब्द भाजी-दुधाच्या व्यवहारातले, म्हणून मुलाच्या कानावर असतात. शून्य ते तीन अशी ३० सेंमीची संख्यारेषा काढा, दर अडीच सेंमीला खूण करा आणि हे बारा शब्द क्रमाने लिहायला सांगा. मग प्रत्येकाखाली अपूर्णांक: सव्वा म्हणजे ५/४, पावणेतीन म्हणजे ११/४. अंश छेदापेक्षा मोठा असला की 'चुकलं' असं वाटणाऱ्या मुलाला दीड म्हणजेच ६/४ हे दिसणं फार मोलाचं असतं. जुन्या उजळणीतल्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ करायची गरज नाही. पण दीडकी हाताने करून बघायला हरकत नाही: दीड एके दीड, दीड दुणे तीन, दीड त्रिक साडेचार.

आता ते १/२ + १/३. कागदाच्या १२ सेंमी लांब पट्ट्या कापा. एका पट्टीचा अर्धा भाग ६ सेंमी, दुसरीचा तिसरा भाग ४ सेंमी. दोन्ही तुकडे शेजारी चिकटवा: १० सेंमी. मग मुलाला त्याचं स्वतःचं उत्तर मोजायला सांगा. १२ सेंमीचे दोन पंचमांश किती? ४.८ सेंमी. तो तुकडाही कापून खाली ठेवा. अर्धा भाग ६ सेंमीचा होता, त्यात आणखी काहीतरी मिळवलं, आणि बेरीज अर्ध्यापेक्षाही कमी? इथे गप्प बसा. पालकाला ही शांतता सहन होत नाही आणि तो लसावि सांगून मोकळा होतो. थांबलात तर मूल स्वतःच म्हणतं की हे जमत नाही. मग २ सेंमीचा एक तुकडा द्या आणि त्याने मोजायला सांगा. अर्ध्यात तो तीनदा बसतो, तिसऱ्या भागात दोनदा, अख्ख्या पट्टीत सहादा. म्हणजे ३/६ + २/६ = ५/६. समच्छेद करणं म्हणजे दोन्ही तुकडे एकाच मापाने मोजणं, यापलीकडे त्यात काही नाही. आता १/२ + १/५ द्या. १२ च्या पट्टीचे पाच भाग नीट पडत नाहीत, १० ची पट्टी घ्यावी लागते. का १०? लसाविची गरज इथे मुलालाच पडते.

क्रम साधारण असा ठेवा. आधी अर्ध्याशी तुलना (४/९ अर्ध्यापेक्षा कमी की जास्त?), मग सममूल्य अपूर्णांक, मग सारख्या छेदांची बेरीज, मग एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेली (१/२ + १/४), आणि सर्वांत शेवटी १/३ + २/५ सारखी. पुस्तकं यातल्या पहिल्या पायरीवर फार थोडी पानं देतात. प्रत्यक्षात तीच सगळ्यात उपयोगी, कारण आलेलं उत्तर शक्य तरी आहे का, ते तिच्यावरून कळतं.

भागाकारात 'दुसरा उलटा आणि गुणा' सांगण्याआधी प्रश्न वाचायला शिकवा. ३/४ ÷ १/८ म्हणजे पाऊण पट्टीत अष्टमांश किती वेळा बसतो? मोजून बघा, सहा वेळा. भागाकार करून उत्तर मोठं येऊ शकतं, हे पचायला वेळ लागतो.

वजा आणि वजा

−३ − ५ चं उत्तर ८ देणारं मूल 'वजा वजा अधिक' म्हणतं. तो नियम गुणाकार-भागाकाराचा, इथे घुसला. हे वाक्य घरात महिनाभर बंद ठेवा. दोन रंगांची बटणं घ्या, पांढरं म्हणजे +१, लाल म्हणजे −१. एक पांढरं आणि एक लाल मिळून शून्य. −३ − ५ साठी तीन लाल होती, आणखी पाच लाल आली, आठ लाल, −८. २ − (−३) जरा गमतीचं आहे. दोन पांढरी आहेत, त्यातून तीन लाल काढायची आहेत, पण लाल आहेतच कुठे? म्हणून आधी तीन जोड्या ठेवा. शून्यच ठेवलं, किंमत बदलली नाही. आता तीन लाल उचला. पाच पांढरी उरतात.

गुणाकारासाठी बटणं फार काळ साथ देत नाहीत, तिथे क्रम लिहा: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. उत्तर दरवेळी २ ने वाढतंय. पुढची ओळ (−१) × (−२), मग तिचं उत्तर २ च असणार.

बीजगणिताबद्दल एकच इशारा. 'अ म्हणजे आंबे, ब म्हणजे बटाटे, म्हणून त्यांची बेरीज होत नाही' असं शिकवायचा मोह टाळा. अ ही संख्या आहे. आंबा नव्हे, फार तर आंब्यांची संख्या किंवा किंमत. मुलाने २अ + ३ब = ५अब लिहिलं तर अ = २ आणि ब = ३ घालून दोन्ही बाजू काढायला सांगा: डावीकडे १३, उजवीकडे ३०. मात्र पडताळ्याला १ घेऊ देऊ नका. अ आणि ब दोन्ही १ धरले तर दोन्हीकडे ५ येतात आणि चुकीचं विधान खरं ठरतं.

पाढे किती, आणि कधी

तीसपर्यंतचे पाढे पाठ असलेली मुलंही अपूर्णांकात अडतात, त्यामुळे तो आग्रह सोडा. दहापर्यंतचे मात्र पक्के हवेत. १ ते १० पर्यंतचे १०० गुणाकार बघून घाबरायचं कारण नाही. १, २, ५ आणि १० चे बाजूला काढले, ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरले, तर उरतात फक्त २१. ते छोट्या चिठ्ठ्यांवर लिहा. रोज पाच मिनिटं, चार नव्या आणि सहा जुन्या चिठ्ठ्या. आणि ते पाठ होईपर्यंत अपूर्णांक शिकताना पाढ्यांचा तक्ता खुशाल समोर ठेवा. समच्छेद करता करता ७ × ८ आठवायला डोकं अडकलं की दोन्ही हातचं जातं.

रोजचा वेळ

या वयात सलग ३० ते ४० मिनिटं पुरे. पहिली पाच मिनिटं पाढे किंवा '=' ची वाक्यं, मग वीसेक मिनिटं एकच नवी गोष्ट, शेवटी मिश्र गणितं पाच-सहाच, पण वेगवेगळ्या प्रकारची.

या मिश्र गणितांचं महत्त्व घरी लक्षात येत नाही. स्वाध्यायाच्या पानावर वर 'अपूर्णांकांचा गुणाकार' असं छापलेलं असतं. वीसच्या वीस गणितं बरोबर येतात आणि पालक निश्चिंत होतात. पण काय करायचं ते शीर्षकानेच सांगितलेलं होतं. महिन्याने तेच गणित शीर्षकाशिवाय आलं की मूल विचारतं, "गुणायचं की भागायचं?" घरी घटक चाचण्या नसतात, त्यामुळे ही फट वर्षानुवर्षं लपून राहू शकते. काल शिकवलेलं एक, गेल्या आठवड्यातलं एक, दोन महिन्यांपूर्वीचं एक, अशी सरमिसळ रोज ठेवा.

बारावं गणित याच जातीचं. 'जास्त' शब्द दिसला की बेरीज, म्हणून ३०. शब्द हेरून गणित सोडवण्याची ही सवय काही पुस्तकंच लावतात. त्याऐवजी दोन आडव्या पट्ट्या काढायला लावा, एक सईची, एक ओमची. कोणाची लांब? हे ठरल्याशिवाय आकड्यांना हात लावायचा नाही. उत्तर १८.

अकराव्याला १०० आलं की पुढचं विचारा: ५०० ची वस्तू २० टक्क्यांनी उतरली, मग २० टक्क्यांनी चढली, आता किंमत किती? "५००" हे उत्तर हमखास येतं. खरं उत्तर ४८०, कारण दुसरे २० टक्के ४०० वरचे. टक्के कशाचे, हा प्रश्न त्यानंतर विसरला जात नाही.

पेन्सिल मुलाच्या हातातून काढून घेऊ नका. तुम्हाला लिहून दाखवायचं असेल तर वेगळा कागद घ्या. "समजलं का?" विचारून उपयोग नाही, उत्तर नेहमी "हो" असतं. दोन सोडवलेली गणितं द्या, एक बरोबर, एक चूक, आणि चूक शोधून कारण सांगायला लावा. डोळ्यांत पाणी आलं की त्या दिवशीचं गणित संपलं, वह्या मिटा. पालक आणि शिक्षक एकच माणूस असतो तेव्हा गणितातलं अपयश आईच्या नाराजीत मिसळायला वेळ लागत नाही. हे फारच होत असेल तर गणित बाबांनी, मावशीने किंवा दुसऱ्या कुणी घ्यावं.

पुस्तकासाठी पैसे घालवायची गरज नाही. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, तिसरी ते सातवी पाचही उतरवून घ्या. परीक्षेची चिंता असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, म्हणजे एनआयओएसचे अ, ब, क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे आहेत. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाच्याही पाचवी आणि आठवीच्या परीक्षा असतात. एनआयओएसच्या दहावीला किमान वय १४ आणि गणित सक्तीचं नाही. पण या सवलतीवर नजर ठेवून बाराव्या वर्षीच गणित सोडून देऊ नका. पुढे विज्ञानाकडे जायचं झालं तर रस्ता बंद होऊ शकतो. तो निर्णय चौदाव्या वर्षी घ्यावा.

नियमित तीन-चार महिने असं काम करूनही काही हलत नसेल, मूल ६ + ७ साठीही बोटं मोजत असेल, काल पक्के झालेले पाढे आज पुसले जात असतील, घड्याळ आणि सुट्टे पैसे यांतही गोंधळ असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये डिसकॅल्क्युलियाचा, म्हणजे गणितातल्या अध्ययन अक्षमतेचा, स्पष्ट उल्लेख आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मागता येतात. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. जाताना ती बारा गणितांची पहिली चाचणी आणि तारखा घातलेल्या वह्या सोबत न्या, खोडाखोडीसकट. कोरी नवी वही घालून नीट उतरवून काढू नका.